पावलांचा हिशेब

छत्रपती संभाजीनगरहून पैठणला जाणाऱ्या रस्त्यावर बिडकीन हे गाव लागते. काळ्या जमिनीचे, कापसाचे आणि तुरीचे हे गाव आता देशाच्या औद्योगिक नकाशावर आले आहे. गावालगतचे ७,८५५ एकरांचे औद्योगिक क्षेत्र २९ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आले. जेथे पूर्वी बांधावरून जपून पाऊल टाकावे लागे, तेथे आता रुंद सडका झाल्या आहेत. पहाटेच्या वेळी अशा मोकळ्या सडकेवर फिरावयास निघालेल्या एखाद्या गृहस्थाच्या मनगटावर काळा पट्टा दिसतो. तो घड्याळासारखा दिसत असला, तरी वेळ सांगणे हे त्याचे दुय्यम काम होय. तो चालणाऱ्याची पावले मोजतो, नाडीचे ठोके मोजतो आणि रात्री झोप किती झाली हेही सकाळी सांगतो.

दहा हजार पावले पुरी झाली की पट्टा मनगटावर हलकेच थरथरतो. गृहस्थ थांबतात, आकडा पाहतात आणि समाधानाने घराकडे वळतात. परंतु दारापर्यंत येऊनही आकडा नऊ हजार सहाशेवरच अडकला असेल, तर ते उंबरा ओलांडत नाहीत. उरलेली चारशे पावले ते अंगणातल्या अंगणात येरझारा घालून पुरी करतात. घरातील मुले ते पाहून हसतात. मुलांचे हसणे नेहमीच अजाणतेपणाचे असते असे नाही. नऊ हजार सहाशे पावलांत जे आरोग्य नव्हते, ते शेवटच्या चारशे पावलांत कोठून येते, असा प्रश्न त्या हसण्यात दडलेला असतो, आणि तो रास्त आहे.

दहा हजार या आकड्याचे मूळ जपानात आहे. १९६४ साली टोकियो येथे ऑलिंपिक क्रीडामहोत्सव भरला आणि त्या देशात व्यायामाची मोठी लाट आली. पुढच्याच वर्षी तेथील एका कंपनीने कमरेला लावावयाचे पावले मोजण्याचे यंत्र विक्रीस आणले व त्याचे नाव ठेवले ‘मान्पो-केई’. जपानी भाषेत ‘मान’ म्हणजे दहा हजार, ‘पो’ म्हणजे पावले आणि ‘केई’ म्हणजे मापक. आकडा गोल, सहज लक्षात राहणारा. तो नावाबरोबर जगभर गेला आणि हळूहळू आरोग्याचा नियम म्हणून ओळखला जाऊ लागला. २०१९ साली अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक वृद्ध स्त्रियांच्या चालण्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्या स्त्रियांपेक्षा सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले. पावले वाढली तसा लाभही वाढत गेला. परंतु सुमारे ७,५०० पावलांनंतर त्यात विशेष वाढ दिसली नाही. हा अभ्यास वृद्ध स्त्रियांचा होता. धावत्या-खेळत्या मुलांना तो जसाच्या तसा लागू पडणार नाही. एवढे मात्र खरे की, दहा हजारांचा आकडा बाजारात आधी आला आणि त्याची कसून परीक्षा पुष्कळ वर्षांनी झाली.

पावले मोजणे ही काही आजची गोष्ट नव्हे. कुमाऊँच्या जोहार खोऱ्यातील नैनसिंग रावत नावाचे एक शाळामास्तर १८६५ साली वेष पालटून तिबेटात शिरले आणि १८६६ च्या जानेवारीत ल्हासा येथे पोहोचले. त्या काळी परक्या माणसाला तिबेटात प्रवेश नसे. भारताच्या मोजणी खात्याने त्यांना डेहराडून येथे सारख्या अंतराचे पाऊल टाकण्याचे शिक्षण दिले होते. चढ असो, उतार असो, पाऊल तेवढेच पडावयाचे. त्यांच्या हातात जपमाळ असे. नेहमीच्या माळेत १०८ मणी असतात. नैनसिंगांच्या माळेत मुद्दाम शंभरच ठेवले होते. शंभर पावले झाली की एक मणी पुढे सरके. एक माळ पुरी झाली म्हणजे दहा हजार पावले होत. नोंदी केलेले कागद प्रार्थनाचक्रात लपवलेले असत. पाहणाऱ्यास वाटे, यात्रेकरू नामजप करीत चालला आहे. प्रत्यक्षात तो हिमालयापलीकडच्या अज्ञात प्रदेशाचे माप घेत असे. या कार्याबद्दल लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८७७ साली त्यांना सुवर्णपदक दिले.

बिडकीनच्या गृहस्थांचे दहा हजार आणि नैनसिंगांचे दहा हजार यांत अंतर आहे, आणि ते केवळ दीडशे वर्षांचे नाही. नैनसिंगांनी पावले मोजली ती वाट जाणून घेण्यासाठी. त्यांच्या वहीत नद्या होत्या, घाट होते, गावे होती. आजच्या पट्ट्याच्या वहीत वाट येते ती नकाशावरील रेघ म्हणून. वाटेवरचा पळस फुलला होता की नव्हता, हे तीत कोठेच नसते. मोजण्याचा विषय आता मोजणारा स्वतःच झाला आहे. २००७ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया येथे गॅरी वुल्फ आणि केव्हिन केली या दोन लेखकांनी अशा आत्ममापनाची चळवळच सुरू केली. आकड्यांच्या साहाय्याने स्वतःला ओळखावे, असा तिचा आशय होता.

स्वतःला ओळखावे हे तर फार जुने सांगणे आहे; आकड्यांनी ओळखता येते काय, एवढाच प्रश्न नवा आहे. या प्रश्नाचा विचार करताना बिडकीनकरांना फार दूर जावे लागत नाही. गावापासून एका दिशेस देवगिरीचा किल्ला आहे आणि दुसऱ्या दिशेस पैठण. पैठणचे एकनाथ लहान वयातच देवगिरीस जनार्दनस्वामींकडे गेले. स्वामी किल्ल्याचा कारभार पाहत असत आणि त्यांनी हिशेबाचे काम या शिष्याकडे सोपवले होते, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. एके दिवशी हिशेबात एका पैची चूक येऊ लागली. जमा आणि खर्च जुळेना. सारा वाडा झोपला. एकनाथ मात्र दिव्याच्या उजेडात वह्या चाळीत बसले. उत्तररात्री चूक सापडली आणि त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. त्या आवाजाने स्वामी जागे झाले. एका पैची चूक सापडल्याने एवढा आनंद होत असेल, तर संसारातील मोठी चूक उमगल्यावर किती होईल, अशा आशयाचे ते बोलले.

ही कथा सांगताना बहुधा स्वामींच्या बोलण्यावर भर दिला जातो. परंतु त्या पैकडेही पाहिले पाहिजे. ती पै एकनाथांची नव्हती. ती लोकांच्या पैशातील होती आणि म्हणूनच तिच्यासाठी रात्र जागवणे योग्य होते. चूक सापडताच वही मिटली. दुसऱ्या रात्री पुन्हा दिवा लावून, आपण किती पै शोधल्या याची बेरीज ते करीत बसले असते, तर ही कथा कोणी सांगितलीच नसती. आणि स्वामींनी हिशेब तुच्छ लेखला, असेही कथेत कोठे नाही. त्यांनी शिष्याच्या जागरणाचे मोल जाणले आणि तीच नजर आणखी मोठ्या गोष्टीकडे वळवली. हिशेब असा पायरीसारखा असावा. तिच्यावरच मुक्काम करू नये.

मोहनदास गांधी १८८८ साली शिक्षणासाठी लंडनला गेले, तेव्हा तेथे ते दिडकी-दिडकीचा हिशेब ठेवीत. गाडीभाडे, टपालखर्च, वर्तमानपत्र असा सारा खर्च रोज रात्री निजण्यापूर्वी ते लिहून काढीत व शिल्लक जुळवीत. त्यातून खर्चाला आळा बसला. गाडीभाडे वाचवण्यासाठी ते पायी जाऊ लागले व रोज आठ-दहा मैलांची चाल सहज होऊ लागली. हे सर्व त्यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे. येथे आकडा मनुष्याच्या हाती होता. वही त्यांची, प्रश्नही त्यांचाच, आणि उत्तर मिळाल्यावर काय करावयाचे हेही ठरवणारे तेच.

म्हणून मनगटावरील पट्टा सरसकट वाईट ठरवणे हा अन्याय होईल. ज्या मुलाला लहानपणीच मधुमेह जडला आहे, त्याच्या दंडावर चिकटवलेले छोटे यंत्र रक्तातील साखरेचा अंदाज दर काही मिनिटांनी सांगते. मध्यरात्री साखर धोकादायक रीतीने उतरली, तर ते आईला जागे करते. त्या घरी आकडा म्हणजे पहारेकरी आहे. एखादा आळशी मनुष्य पट्ट्याच्या भिडेने का होईना, खुर्चीतून उठून चार पावले चालला, तर त्यातही वावगे काय आहे?

वावगे घडते ते आकडा मनुष्याहून खरा वाटू लागला म्हणजे. त्यासाठी पट्टा कसा मोजतो हे समजून घेतले पाहिजे. त्याच्या पोटात तांदळाच्या दाण्याहूनही लहान असा एक भाग असतो. हात झुलला की त्यातील अतिसूक्ष्म वजन हलते, त्यामुळे विजेच्या संकेतात बदल होतो आणि त्या बदलांची लय ओळखून यंत्र पावले ठरवते. म्हणजे मनगटी पट्टा पाय पाहतच नाही; तो हाताच्या झुलण्यावरून पायांचा अंदाज करतो. नाडीसाठी तो त्वचेवर हिरवा प्रकाश टाकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. ठोक्यागणिक रक्ताचे प्रमाण बदलते आणि परत येणारा प्रकाश कमी-अधिक होतो. ही युक्ती मोठी चतुर आहे यात शंका नाही. मात्र २०१७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी सात प्रकारचे पट्टे तपासले, तेव्हा त्यांपैकी सहांनी नाडी बऱ्यापैकी अचूक मोजली. परंतु किती उष्मांक खर्च झाले याचा अंदाज सर्वांत चांगल्या पट्ट्यानेही सरासरी २७ टक्क्यांनी चुकवला. एवढ्या उष्मांकांचा व्यायाम झाला म्हणून तेवढ्याच उष्मांकांची जिलबी खाणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.

झोपेची गोष्ट तर अधिकच विचित्र आहे. २०१७ सालीच अमेरिकेतील वैद्यकीय तज्ज्ञांनी काही रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. पट्ट्यावरील झोपेचा आकडा वाढावा म्हणून हे लोक बिछान्यात अधिकाधिक वेळ पडून राहत आणि त्या चिंतेनेच त्यांची झोप बिघडे. प्रयोगशाळेतील तपासणीत गाढ झोप लागल्याचे दिसले, तरी त्यांचा विश्वास पट्ट्यावरच अधिक. सकाळी उठल्यावर आपल्याला ताजेतवाने वाटते की नाही, हे कळण्यास पूर्वी कोणाला यंत्र लागत नसे. ते सांगण्याचा अधिकार ज्याचा त्याच्याकडे होता. तो अधिकार या रुग्णांनी आपण होऊन यंत्राच्या स्वाधीन केला होता.

मुलांच्या बाबतीत हा धोका विशेष आहे. कारण आपण कोण आहोत हे मुलाला अजून ठरवावयाचे असते. कोणाला विहिरीत सूर मारता येतो, कोणी बैलांना सहज जुंपतो, कोणाला शंभर ओव्या पाठ असतात, कोणी धाकट्या भावाला गोष्टी सांगून निजवतो. यांपैकी कशालाच आकडा नाही. शाळेतील गुणांचा आकडा मुलांच्या मागे आहेच. त्यात पावलांचा, झोपेचा आणि वजनाचा आकडा मिळाला, आणि तोही मित्रांच्या आकड्याशेजारी यादीत मांडला गेला, म्हणजे मूल स्वतःला त्या यादीतील एक जागा समजू लागते. ‘मी सातवा’ हे त्याचे नाव होते. पूर्वी आई मुलाला दाराच्या चौकटीशी उभे करून पेन्सिलीने उंचीची रेघ ओढी. पुढच्या दिवाळीस दुसरी रेघ पहिलीच्या वर पडे. हेही मापनच, पण त्यात स्पर्धा असली तर ती कालच्या स्वतःशी असे, आणि त्या रेघा घराबाहेर जात नसत.

आता त्या घराबाहेर जातात. पट्ट्याने केलेली नोंद भ्रमणध्वनीत जाते आणि तेथून पट्टा विकणाऱ्या कंपनीच्या संगणकात. धावणाऱ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘स्ट्राव्हा’ या कंपनीने नोव्हेंबर २०१७ मध्ये जगाचा एक सुंदर नकाशा प्रसिद्ध केला. जेथे लोक धावले, चालले, तेथे उजळ रेषा. दोन महिन्यांनी ऑस्ट्रेलियातील एका विद्यार्थ्याच्या लक्षात आले की, अफगाणिस्तान आणि सीरिया येथील अंधाऱ्या प्रदेशांत काही उजळ रेषांच्या आकृती दिसत आहेत. त्या लष्करी तळांवर व्यायामासाठी धावणाऱ्या सैनिकांच्या होत्या. तळ कोठे आहे, कोणत्या वाटेने पहारा फिरतो, हे शत्रूला हेरावे लागले नाही. सैनिकांच्या मनगटांनीच ते सांगून टाकले. प्रत्येकाने आपापले व्यायामाचे टिपण ठेवले होते, गुपित फोडण्याचा कोणाचाही हेतू नव्हता. हजारोंची साधी टिपणे एकत्र आली म्हणजे काय होते, हे त्यांतील कोणालाच एकट्याने दिसले नसते.

त्याच वर्षी, म्हणजे २०१८ मध्ये, अमेरिकेतील जॉन हॅनकॉक या विमा कंपनीने आपल्या सर्व आयुर्विमा योजनांना अशा नोंदींची जोड देण्याचे जाहीर केले. जो आपल्या व्यायामाची नोंद देईल त्याला सवलत. देणे अर्थात ऐच्छिक. परंतु पुष्कळांनी दिल्यावर न देणाऱ्याकडे लोक कोणत्या दृष्टीने पाहतील? ‘हा काही लपवतो आहे’ असा संशय घेण्यास वेळ लागत नाही. ऐच्छिक गोष्ट सक्तीची होण्यासाठी दर वेळी कायदाच करावा लागतो असे नाही.

ज्या गावाच्या शिवारात कारखाने उभे राहत आहेत, त्या गावाने आणखी एक जुनी हकीकत ऐकावी. अमेरिकेतील वॉटरटाउन येथे शस्त्रास्त्रांचा सरकारी कारखाना होता. कोण किती सेकंदांत काम करतो हे पाहण्यासाठी १९११ साली तेथील ओतकामगारांपुढे सेकंद मोजणारे घड्याळ घेऊन मनुष्य उभा करण्यात आला. एका कामगाराने अशा देखरेखीखाली काम करण्यास नकार दिला आणि त्याला कामावरून काढताच इतर ओतकामगारांनी हत्यारे खाली ठेवली. काम अधिक करावे लागेल एवढीच त्यांची तक्रार नव्हती. घड्याळ धरून कोणीतरी मागे उभे राहणे हाच त्यांना अपमान वाटला. १९१५ साली अमेरिकेच्या काँग्रेसने सरकारी शस्त्र-कारखान्यांतील घड्याळी मापनासाठी पैसा देण्याचे नाकारले. आज घड्याळ धरून मागे उभे राहण्यास मनुष्य लागत नाही. बिडकीनच्या कारखान्यांत उद्या काम करणाऱ्या तरुणांनी हातात येणारे प्रत्येक यंत्र कोणासाठी मोजते, हे पहिल्याच दिवशी विचारावयास हवे.

आपल्या देशात या प्रश्नाची दखल घेतली गेली आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा संमत केला. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीवाचून वापरू नये आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवू नये, असे त्यात सर्वसाधारणपणे सांगितले आहे. कायदा चांगला आहे. मात्र पट्टा बांधण्यापूर्वी छापील अटींचा लांबलचक कागद न वाचता ‘मान्य’ म्हणणाऱ्या पालकाला तो कितपत उपयोगी पडेल, हा विचार करण्यासारखा विषय आहे.

या साऱ्या गणनेत कोण येत नाही, हेही पाहिले पाहिजे. दिवाळीच्या सुमारास बिडकीनच्या शिवारात कापसाची वेचणी चालते. सकाळी बायका कमरेला ओटी बांधून सरीत उतरतात. पाय सावकाश पुढे सरकतात. हात मात्र सारखे चालू असतात. बोंडाच्या टोकदार कडांनी बोटे ओरबाडतात. अशा एखाद्या बाईच्या मनगटावर पट्टा बांधला, तर तिचे हात हलले म्हणून तो कदाचित न चाललेली पावलेही मोजील. आणि संध्याकाळी तीच बाई डोक्यावरचा भारा दोन्ही हातांनी धरून घराकडे निघाली, तर हात झुलत नाहीत म्हणून खरोखर चाललेल्या पावलांतील बरीच तो सोडून देईल. तिचा दिवस त्या यंत्राला वाचताच येत नाही. हे यंत्र ज्यांना चालण्यासाठी वेगळा वेळ काढावा लागतो अशा लोकांना डोळ्यांपुढे ठेवून घडवलेले आहे. तिला दहा हजारांचे लक्ष्य कोणी दिलेले नाही, आणि ते ओलांडल्याबद्दल तिचे अभिनंदनही कोणी करीत नाही.

तिचे माप होत नाही असे मात्र नव्हे. दिवस मावळताना तिचा कापूस काट्यावर तोलला जातो आणि किलोप्रमाणे मजुरी ठरते. तो आकडा मालकाच्या वहीत लिहिला जातो. शहाणी बाई तो आपल्याही मनात पक्का करून ठेवते आणि आठवड्याच्या शेवटी वहीतील बेरीज तिच्या तोंडी बेरजेशी जुळावी लागते. शाळेत शिकणारी तिची मुलगी आता आईसाठी एका जुन्या पाठकोऱ्या वहीत हे किलो लिहून ठेवू लागली, तर तेही आत्ममापनच म्हणावे लागेल. आणि पहाटेच्या सडकेवरील दहा हजार पावलांपेक्षा त्या चार ओळींचे वजन अधिक आहे.

फाल्गुन वद्य षष्ठीच्या सुमारास पैठणला नाथषष्ठीची यात्रा भरते. १५९९ साली याच तिथीस एकनाथांनी देह ठेवला. संभाजीनगरच्या बाजूने येणाऱ्या दिंड्या बिडकीनवरून पुढे जातात. अलीकडे दिंडीतील एखाद्या तरुणाच्या हाती टाळ आणि मनगटावर पट्टा, असे दोन्ही दिसते. रात्री मुक्कामाच्या ठिकाणी पाय चेपता चेपता तो दिवसभराचा आकडा शेजारच्या म्हाताऱ्या वारकऱ्यास दाखवतो. आकडा तीस हजारांच्या पुढे गेलेला असतो. म्हातारबाबा डोळे बारीक करून तो पाहतात, ‘बरीच झाली की रे!’ म्हणून कौतुक करतात, आणि टाळ पिशवीत ठेवता ठेवता विचारतात, ‘मग पैठण आता किती उरलं?’